भूकंपांची मालिका आणि स्वॉर्म: शेकडो छोट्या धक्क्यांमधून शास्त्रज्ञ नेमकं काय शोधतात?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलायला लागली. धक्के बहुतेक छोटे होते, पण थांबत नव्हते. कधी दिवसात एखादा, कधी एकाच रात्रीत कितीतरी. लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ मॅग्निट्यूडच्या आसपासचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला.

अशा वेळी गावात एकच प्रश्न असतो: हे छोटे धक्के म्हणजे मोठ्या भूकंपाची नांदी आहे का? या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर आज जगात कोणाकडेही नाही. पण म्हणून विज्ञानाकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असंही नाही. धक्क्यांच्या यादीतून बरंच काही वाचता येतं. ते कसं वाचतात, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, ते या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे मुद्दे

- एका भागात, थोड्या काळात, एकमेकांशी संबंधित असे जे भूकंप होतात त्यांना भूकंपमालिका म्हणतात.
- मालिकेत एक ठळक मोठा धक्का असेल तर 'मुख्य धक्का आणि आफ्टरशॉक' हा प्रकार. असा एकही ठळक धक्का नसेल तर तो 'स्वॉर्म'.
- मालिका चालू असताना ती कोणत्या प्रकारची आहे हे खात्रीने सांगता येत नाही. नाव नंतर पडतं.
- आकडेवारीवरून शक्यता किती ते सांगता येतं. तारीख आणि वेळ सांगता येत नाही.

फोरशॉक, मुख्य धक्का, आफ्टरशॉक आणि स्वॉर्म

मालिकेतला सर्वांत मोठा भूकंप म्हणजे मुख्य धक्का. त्याच्या आधी त्याच भागात झालेले ते फोरशॉक, म्हणजे पूर्वधक्के. नंतरचे ते आफ्टरशॉक, म्हणजे पश्चात धक्के. ऐकायला सोपं आहे, पण यात एक गोम आहे. ही नावं फक्त क्रम आणि आकार पाहून दिलेली आहेत. फोरशॉकच्या लाटा वेगळ्या दिसत नाहीत, त्याच्यावर कसला शिक्का नसतो. पुढे मोठा भूकंप झाला तरच आधीचा 'फोरशॉक' ठरतो.

याचं बोलकं उदाहरण जपानमधलं. १४ एप्रिल २०१६ रोजी कुमामोतो इथे ६.५ चा भूकंप झाला. हाच मुख्य धक्का असं सगळ्यांनी धरलं आणि आता आफ्टरशॉक येतील असा इशारा दिला गेला. साधारण २८ तासांनी, १६ एप्रिलच्या पहाटे, ७.३ चा भूकंप झाला आणि आधीचा ६.५ चा धक्का फोरशॉक ठरला. 'आफ्टरशॉक' हा शब्द ऐकून लोक यापुढचं सगळं छोटंच असेल असं समजतात, हे लक्षात आल्यावर जपानच्या हवामान संस्थेने मोठ्या भूकंपानंतरच्या सूचनांमध्ये तो शब्द वापरणं सोडलं. आता तिथे 'एवढाच मोठा भूकंप पुन्हा होऊ शकतो' अशा भाषेत सांगतात.

स्वॉर्ममध्ये एकही धक्का बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा नसतो. चार-पाच धक्के जवळपास सारख्या आकाराचे, बाकी शेकडो बारीक. संख्या कमी होते, पुन्हा वाढते, महिनोन्महिने चालते आणि एक दिवस शांत होते.

मालिकेचे तीन नियम

भूकंप कधी होणार हे ठरलेलं नसलं तरी भूकंपांच्या समूहाला शिस्त असते. ही शिस्त तीन नियमांत मांडता येते.

१. ओमोरीचा नियम: धक्के कसे विरळ होतात

जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवलं की मोठ्या भूकंपानंतर आफ्टरशॉकची रोजची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा पहिल्या दिवशी १०० धक्के झाले, तर दहाव्या दिवशी साधारण १० आणि शंभराव्या दिवशी साधारण १. म्हणजे सुरुवातीला उतार झपाट्याने होतो, पण शेपूट लांबच लांब राहतं. दोन-तीन महिन्यांनी अचानक एखादा धक्का जाणवला तर त्यात नवल काही नाही. तो याच शेपटातला असतो.

२. गुटेनबर्ग-रिश्टर नियम: लहान-मोठ्यांचं प्रमाण

बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४४ मध्ये हा नियम मांडला. मॅग्निट्यूड एकने वाढला की भूकंपांची संख्या साधारण दहापट कमी होते. म्हणजे १ किंवा त्याहून मोठे १००० धक्के असतील, तर २ किंवा त्याहून मोठे १००, ३ पेक्षा मोठे १० आणि ४ पेक्षा मोठा एखादा. हे प्रमाण ज्या आकड्याने मोजतात त्याला 'बी-व्हॅल्यू' म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी १ च्या जवळ असते. बऱ्याच स्वॉर्ममध्ये ती १ पेक्षा जास्त आढळते, म्हणजे छोट्यांचा भरणा अधिक. ती घसरली तर मोठ्या धक्क्यांचं प्रमाण वाढतंय असा अर्थ निघतो. पण छोट्या यादीवरून काढलेली बी-व्हॅल्यू फसवू शकते, म्हणून तिच्यावरून इशारा द्यावा का, हा वाद अजून मिटलेला नाही.

३. बाथचा नियम: सर्वांत मोठा आफ्टरशॉक

मुख्य धक्क्यानंतरचा सर्वांत मोठा आफ्टरशॉक सरासरी १.२ मॅग्निट्यूडने लहान असतो. मुख्य धक्का ६.२ चा असेल तर आफ्टरशॉक ५ पर्यंत जाऊ शकतो. तडे गेलेली भिंत पाडायला एवढा धक्का पुरेसा होतो. ही सरासरी आहे, मर्यादा नव्हे.

स्वॉर्म ओळखण्यात हे नियम उलट्या बाजूने कामी येतात. धक्के ओमोरीच्या उताराने कमी होत नसतील आणि पहिल्या दोन मोठ्या धक्क्यांत फारसं अंतर नसेल, तर वेगळं काहीतरी चाललंय असं समजायचं.

स्वॉर्म का होतो?

साध्या मालिकेत पहिला मोठा धक्का आजूबाजूच्या खडकांवरचा ताण बदलतो आणि बाकीचे त्याच्यामागून येतात. स्वॉर्ममध्ये बहुतेकदा बाहेरून कोणीतरी ढकलत असतं. हा 'कोणीतरी' म्हणजे दाबाखालचं पाणी किंवा इतर द्रव, ज्वालामुखीच्या भागात वर सरकणारा शिलारस, किंवा आवाज न करता हळूहळू घसरणारा प्रस्तरभंग. प्रस्तरभंग म्हणजे खडकातली ती भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात.

पाण्याने भूकंप कसा होतो? पाणी भेगेला वंगण घालतं असं अनेकांना वाटतं. खरं काम दाबाचं असतं. धान्याचं भरलेलं पोतं जमिनीवरून ओढून बघा, हलत नाही. कोणी ते वरून थोडं उचलून धरलं की त्याच जोराने सरकतं. भेगेतल्या पाण्याचा दाब असाच दोन्ही बाजूंना किंचित उचलून धरतो. घर्षण कमी होतं आणि आधीपासून साठलेला ताण मोकळा होतो.

जपानमधल्या मात्सुशिरो गावाजवळ ऑगस्ट १९६५ मध्ये सुरू झालेला स्वॉर्म दोन वर्षांहून जास्त चालला. सुमारे ७ लाख धक्के उपकरणांवर नोंदले गेले, त्यातले ६० हजारांहून अधिक माणसांना जाणवले. त्यातला सर्वांत मोठा फक्त ५.४ चा होता. या काळात जमिनीतून प्रचंड पाणी वर आलं, आणि द्रवामुळे स्वॉर्म होतो या कल्पनेला मोठा आधार मिळाला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात तर प्रयोगच झाला. १९६९ ते १९७३ दरम्यान विहिरींमध्ये पाण्याचा दाब वाढवला की भूकंप वाढत आणि कमी केला की घटत, हे तिथे मोजून दाखवलं गेलं.

द्रवाचा माग नकाशावरही दिसतो. दाब खडकातून पसरायला वेळ लागतो, आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. धक्क्यांचा परिसर चार दिवसांत १ किलोमीटर पसरला असेल, तर २ किलोमीटर पसरायला १६ दिवस लागतील. धक्क्यांच्या जागा आणि वेळा यांचा आलेख असा वाकताना दिसला की शास्त्रज्ञ पाण्याचा संशय घेतात.

कच्च्या नोंदींपासून नमुन्यापर्यंत

हे सगळं कळायला चांगली यादी लागते. या यादीला भूकंपाचा कॅटलॉग म्हणतात. प्रत्येक धक्क्याची वेळ, जागा, खोली आणि मॅग्निट्यूड एवढंच त्यात असतं. ती तयार करण्याचे टप्पे असे:

1. लाटा ओळखणं. भूकंपाची पहिली, वेगवान लाट म्हणजे पी-लाट आणि मागून येणारी एस-लाट. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून केंद्र किती लांब आहे ते कळतं.
2. जागा ठरवणं. अनेक केंद्रांवरच्या वेळा जुळवून केंद्रबिंदू आणि खोली काढतात. जवळ केंद्रं नसतील तर खोलीत किलोमीटरांची चूक होऊ शकते. म्हणूनच स्वॉर्म सुरू झाला की आधी तिथे तात्पुरती भूकंपमापक यंत्रं नेऊन बसवतात.
3. यादी कुठपर्यंत पूर्ण आहे ते तपासणं. यंत्रं वाढली की बारीक धक्केही पकडले जातात आणि आकडा फुगतो. भूकंप वाढलेले नसतात, आपले कान तीक्ष्ण झालेले असतात. म्हणून ठराविक मॅग्निट्यूडच्या वरचेच धक्के तुलनेला घेतात.
4. मागचे-पुढचे धक्के वेगळे करणं. कोणता धक्का आपसूक झाला आणि कोणता दुसऱ्यामुळे, याची संगणकावर वाटणी करतात. जपानी संख्याशास्त्रज्ञ योसिहिको ओगाता यांनी १९८८ मध्ये मांडलेलं 'ईटास' मॉडेल यासाठी जगभर वापरतात. प्रत्येक धक्का, छोटा असो वा मोठा, आपली पिल्लं जन्माला घालू शकतो, असं हे मॉडेल मानतं. हिशेबात न बसणारे जादा धक्के उरले, तर ढकलणारं बाहेरचं कोणीतरी आहे.

गेल्या काही वर्षांत पहिल्या टप्प्यात मशीन लर्निंग आलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं 'फेजनेट' हे न्यूरल नेटवर्क माणसाने खुणा केलेल्या लाटांवर शिकतं आणि नव्या नोंदींत पी व एस लाटा स्वतः शोधतं. दुसरी पद्धत 'टेम्प्लेट मॅचिंग'. माहीत असलेल्या धक्क्याची लाट साचा म्हणून घ्यायची आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींत तिच्यासारखी लाट शोधायची. २०१९ मध्ये या पद्धतीने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २००८ ते २०१७ या दहा वर्षांच्या नोंदी चाळल्या गेल्या, तेव्हा १८ लाखांहून अधिक भूकंप मिळाले. आधीच्या यादीच्या जवळपास दहापट! तिथल्याच काविया भागातल्या एका स्वॉर्मचे २२ हजारांहून अधिक धक्के मशीन लर्निंगने शोधले गेले. जमिनीखालचा द्रव चार वर्षांत भेगेच्या जाळ्यातून कसा पसरत गेला, हे त्यावरून त्रिमितीत दिसलं.

महाराष्ट्रातल्या तीन मालिका, तीन शेवट

कोयना. धरणात पाणी साठू लागल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे धक्के जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ ला ५ पेक्षा मोठा भूकंप झाला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांचं हे जगातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं ठिकाण. ५ पेक्षा मोठे वीसहून अधिक भूकंप इथे साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात झाले आहेत. १९८५ नंतर वारणेचा जलाशय भरू लागल्यावर धक्के दक्षिणेकडे सरकले. जलाशय भरण्या-उतरण्याच्या वार्षिक चक्राशीही त्यांचा संबंध दिसतो. पाऊस सरताना एक भर आणि डिसेंबरच्या सुमारास दुसरा. मुळाशी जाऊन दाब आणि तापमान मोजता यावं म्हणून गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आलं. हे काम २०१७ मध्ये पूर्ण झालं.

किल्लारी. १९९२ च्या उत्तरार्धात लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या या भागात शंभराच्या वर धक्के जाणवले, काही घरांना तडे गेले. मग ते ओसरले. लोकांना वाटलं, संपलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपेत असताना, ६.२ चा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. मॅग्निट्यूडच्या मानाने ही संख्या फार मोठी आहे. त्याचं कारण माळवदाची घरं: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत. त्या वेळच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता.

पालघर. २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले. सगळ्यांत मोठे ४ च्या आसपासचे. केंद्र उथळ असल्यामुळे छोटे धक्केही जोरात जाणवतात, आवाजासकट. किल्लारीसारखा शेवट इथे झालेला नाही.

आता या तिघांची सुरुवात शेजारी ठेवून बघा. किल्लारी आणि पालघर, दोन्हीकडे छोट्या धक्क्यांची रांग लागली. कोयनेतही तेच. मधल्या काळात नुसती यादी हातात घेऊन बसलेल्या माणसाला शेवट ओळखता आला नसता. या विषयातला सगळ्यात अवघड धडा हाच आहे.

मग सांगायचं काय?

सांगायची ती शक्यता. जगभरच्या नोंदींवरून एक ढोबळ अंदाज असा की, भूकंपानंतर थोड्याच दिवसांत त्याच भागात त्याहून मोठा भूकंप होण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच-सहा असतं. म्हणजे ९४ वेळा काही होत नाही. पण शांत दिवसांच्या तुलनेत हा धोका कैक पटींनी जास्त असतो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि लोकांना दोन्ही सांगावी लागतात.

एकच सांगितलं तर काय होतं ते इटलीत दिसलं. लाक्विला शहरात काही महिने स्वॉर्म चालू होता. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की ऊर्जा बाहेर पडतेय, ही चांगलीच गोष्ट आहे. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ चा भूकंप होऊन ३०० हून अधिक माणसं दगावली. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये सहा शास्त्रज्ञ अपिलात सुटले. त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, पण रद्द झाली नाही.

जपानच्या नोतो द्वीपकल्पात डिसेंबर २०२० पासून स्वॉर्म होता. मे २०२३ मध्ये ६.५ चा भूकंप झाला आणि १ जानेवारी २०२४ ला ७.५ चा. तीन वर्षं चाललेला स्वॉर्मही शेवटी मोठ्या भेगेपर्यंत पोचू शकतो, हे त्यातून दिसलं. आज अमेरिका, न्यूझीलंड, इटली इथल्या संस्था मोठ्या भूकंपानंतर 'पुढच्या आठवड्यात अमुक आकाराचा धक्का बसण्याची शक्यता इतके टक्के' असे अंदाज काढतात. हवामानाच्या अंदाजासारखेच, पण आकडे फार लहान.

काही गैरसमज

"छोटे धक्के बसले की दाब मोकळा होतो, मोठा भूकंप टळतो." हिशेब करून पाहू. मॅग्निट्यूड एकने वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा सोडायला ३ चे तीस हजारांहून अधिक धक्के लागतील. एवढे कुठेच होत नाहीत.

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, आज रात्री मोठा धक्का आहे." तारीख, वेळ आणि जागा सांगणारा कोणताही संदेश खोटा समजावा. अशी पद्धत अस्तित्वातच नाही.

"जमिनीतून गूढ आवाज येतात, म्हणजे ज्वालामुखी फुटणार." हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे परिसरात असे आवाज बरीच वर्षं ऐकू येतात. उथळ, छोट्या भूकंपाच्या लाटा जमिनीतून हवेत शिरल्या की गडगडाट किंवा सुरुंगासारखा आवाज होतो. महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही.

तुमच्या भागात धक्के सुरू असतील तर

- धक्क्याची माहिती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या 'भूकंप' अ‍ॅपवर पाहा. तिथे मॅग्निट्यूडबरोबर खोलीही दिलेली असते.
- संख्या पाहताना आकारही पाहा. पन्नास धक्के २ चे आणि पाच धक्के ४ चे, यांत फरक आहे.
- धक्के ओसरले म्हणून तडे गेलेल्या घरात लगेच झोपायला जाऊ नका. आधी भिंत तपासून घ्या.
- धक्का चालू असताना पळू नका. पक्क्या घरात असाल तर मजबूत टेबलाखाली बसून डोकं झाका.
- मातीत रचलेली दगडी भिंत असेल तर छतावरचं मातीचं ओझं कमी करा. कोपरे बांधून घ्या. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींतून फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, या दोन गोष्टींनी घर एकसंध राहतं.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. स्वॉर्म पालघरसारखा वागेल की किल्लारीसारखा, हे आधी कळणार नाही. पण घर मजबूत करायला ते कळण्याची गरज नाही. धक्के चालू असतात तेव्हा लोकांचं लक्ष असतं, पंचायतीत विषय निघतो, सरकारी यंत्रणा गावात आलेली असते. भिंतीची कामं करून घ्यायची हीच वेळ आहे. धक्के थांबले की तो विषयही मागे पडतो.